लेकीला बुटका टॅरंटुला हवाय

"ताई, नमस्कार. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. वर्षभर तिनं कोळ्यांचा ध्यास घेतलाय. आधी मोठा टॅरंटुला हवा होता, त्याला आम्ही सरळ नाही म्हटलं. आता ती बुटक्या जातीवर आली आहे. सायरिओकॉस्मस एलेगन्स असं नाव सांगते. पूर्ण वाढला तरी पाय पसरून चार-पाच सेंटिमीटर. तिचं म्हणणं, लहान आहे, लहान डब्यात राहील, खाणं नावापुरतं, कुणाला त्रास नाही. मलाही पटायला लागलंय. पण बायको म्हणते, विषारी प्राणी घरात आला तर माझी झोप उडेल. शिवाय धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याचा हात सगळीकडे पोचतो. हो म्हणावं का? म्हटलं तर काय बघून घ्यावं? — मायलेकींच्या मध्ये सापडलेला बाप"

नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. हो म्हणा. मात्र अगदी इवलं पिल्लू आणू नका, अर्धवट वाढलेला कोळी आणा. आणि तो लेकीचा असला तरी पुढेमागे सांभाळायचा तुम्हालाच आहे, हे आजच धरून चाला. या दोन गोष्टी मान्य नसतील तर अजून वर्षभर नाहीच म्हणा. ती रुसेल, पण कायमची नाही.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला खटकलं: लहान आहे, म्हणजे सोपा. टॅरंटुलाच्या बाबतीत बरेचदा उलट असतं. तळहाताएवढा, संथ, एका जागी ठिय्या देऊन बसणारा मोठा कोळी नवख्या माणसाच्या बारीकसारीक चुका पोटात घालतो. दोन आठवडे पाणी कमी पडलं, खाणं राहिलं, तरी त्याचं फारसं बिघडत नाही. बुटका मात्र चपळ असतो, लवकर कोरडा पडतो, आणि कुठल्या फटीतून निसटेल याचा नेम नसतो. त्यामुळे लेकीनं दिलेली सगळी कारणं बाजूला ठेवा आणि तो प्राणी मुळात कसा आहे ते बघा.

बुटके टॅरंटुला ही काही एकच जात नव्हे. जगभरचे, एकाच कुळातल्या वेगवेगळ्या गटांतले, जेमतेम वाढणारे कोळी पाळणाऱ्यांनी सोयीसाठी एका नावाखाली आणलेत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला अफोनोपेल्मा पालोमा त्यात येतो, टांझानियातला हेटेरोथेले व्हिलोसेला येतो, ब्राझीलचा निळसर डोलिकोथेले डायमँटिनेन्सिस येतो. तुमच्या लेकीनं निवडलेला सायरिओकॉस्मस एलेगन्स व्हेनेझुएला, त्रिनिदाद आणि टोबॅगोचा. फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमाँ यांनी १८८९ मध्ये त्याचं वर्णन केलं. सर्वात मोठा टॅरंटुला पाय पसरून २८-३० सेंटिमीटरपर्यंत जातो. हा पाचावर थांबतो. पण निवड चांगली आहे, तिची नजर तयार आहे म्हणायची. काळसर पोटावर मागच्या बाजूला तांबूस-केशरी बदामाचा आकार आणि कडेनं आडवे पट्टे. आणि हा आकार वय झाल्यावरच उमटतो असं नाही, पिल्लांतही लवकर दिसायला लागतो. मोठ्या जातींची पिल्लं वर्षानुवर्षं मातकट राहतात, त्या मानानं इथे हौस लवकर भागते.

आता पिल्लाचं सांगते, कारण विकणारे बहुधा पिल्लूच पुढे करतात. सायरिओकॉस्मसचं पिल्लू अंड्याच्या पिशवीतून बाहेर पडतं तेव्हा तिळाएवढं असतं. त्याला खायला काय घालणार? नेहमीचा रातकिडा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा, तो उलट पिल्लालाच खाऊन टाकेल. मग पंख नसलेल्या फळमाश्या वाढवा, नाहीतर मीलवर्मचा, म्हणजे कोंड्यात वाढवतात त्या अळीचा, बारीक तुकडा कापून बिळाच्या तोंडाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो बुरशी धरायच्या आत काढा. डबीला हवेसाठी भोकं हवीत, पण ती सुईच्या टोकाएवढीच. कोळ्याचं पोट मऊ असतं, ते दाबून तो बाहेर काढतो. अडतो तो डोकं आणि छाती मिळून झालेल्या कडक भागापाशी. तेव्हा भोक किंवा फट त्या भागापेक्षा अरुंद पाहिजे, हा हिशेब. माती सुकली की तेवढा जीव एक-दोन दिवसांत कोमेजतो, आणि फार ओली झाली तर कोंदट हवेत मरतो. हे सगळं जमणारी माणसं आहेत, पण पहिल्या कोळ्यावर ते शिकू नये. पाय पसरून दोन-अडीच सेंटिमीटर झालेला, नीट खाणारा कोळी मागा. थोडं थांबावं लागेल, थांबा.

लेकीला आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्यातच हिरमोड होईल: हा प्राणी दिसत नाही. हे बीळ करून राहणारे कोळी आहेत. नव्या डब्यात सोडल्यावर तो एखाद-दोन रात्री कडेकडेनं फिरेल, मग एका कोपऱ्यात, बहुतेक लाकडाच्या तुकड्याखाली, खणायला लागेल. दाढांनी आणि पुढच्या पायांनी मातीचे बारीक गोळे करून बाहेर आणून टाकतो, त्यांना रेशीम लावून बिळाच्या तोंडाशी लहानसा कठडा रचतो. हे काम बघायला मिळालं तर बघा, फार सुंदर असतं. पण ते संपलं की डब्यात तुम्हाला दिसणार माती, जाळं आणि एक काळं भोक. रात्री दिवे मंद केल्यावर भोकाच्या कडेवर पुढच्या पायांची टोकं टेकलेली दिसतील. किडा दोन बोटांच्या अंतरावर आला की ती टोकं हलत नाहीत, अगदी हलत नाहीत, आणि मग किडा तिथे नसतोच. झडप डोळ्याला दिसत नाही.

एवढ्यावर तुमची लेक खूश असेल तर ती खरी कोळीवेडी. मैत्रिणींना दाखवायला, हातावर घेऊन फोटो काढायला हवा असेल तर हा प्राणी तिच्यासाठी नाही. काहीजण मग निओहोलोथेले इन्सेई सुचवतील. तोही त्रिनिदाद-व्हेनेझुएलाचा, पण जमिनीवर भरपूर जाळं विणतो, त्यामुळे जास्त दिसतो, अनेक जण एकत्रही ठेवतात. माझं मत विचाराल तर पहिला म्हणून तो नको. झाकण उघडलं की तो कुठे गेला हे कळेपर्यंत तो तुमच्या बाहीवर असतो.

डब्याचं फार अवडंबर नको. लांबी-रुंदी-उंची साधारण पंधरा सेंटिमीटर असलेला पारदर्शक डबा या कोळ्याला पुष्कळ झाला. त्यातले आठ-दहा सेंटिमीटर माती. कोकोपीट चालतं, थोडी साधी, खत-औषध नसलेली माती मिसळली की बीळ ढासळत नाही. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी निघू नये, इतपत ओल. नंतर पाणी घालताना वरून फवारे मारत बसू नका. एका कोपऱ्यात ओता, म्हणजे ते खाली मुरतं, तळ ओलसर राहतो आणि वरचा थर कोरडा. कोळी खाली-वर होऊन स्वतःला हवी तेवढी ओल निवडतो. बाटलीच्या झाकणाएवढी पाण्याची वाटी, एक लाकडाची साल, संपलं. वर उरलेली जागा कमी ठेवा, कारण उंचावरून पडला तर पोट फुटून मरू शकतो. तारेची जाळी झाकणाला नको, तिच्यात नख्या अडकतात. दिवा, गरम करायची गादी यांपैकी काही नको. २२ ते २८ अंशांत तो मजेत राहतो. थेट ऊन मात्र डब्यावर पडू देऊ नका, लहान डबा काही मिनिटांत भट्टी होतो.

आणि झाकणाला कडी. धाकट्याचं पत्रात वाचल्यावर मी हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं खरं तर. नुसतं दाबून बसणारं झाकण सहा वर्षांचा मुलगा उघडतोच. कडी, ती उघडायला दोन हात लागतील अशी, आणि डबा त्याच्या डोक्याच्या वर. खाणं घालताना किंवा काही साफ करताना तो डबा एका मोठ्या, खोल, गुळगुळीत टबात ठेवून मगच उघडायचा. शेजारी एक रिकामी पारदर्शक वाटी आणि जाड कागद तयार. कोळी बाहेर आला तर टबातच राहतो, वर वाटी उपडी घालायची, खालून कागद सरकवायचा. त्याला ढकलायला मऊ ब्रश, बोट नाही.

खाण्याची लेकीची माहिती बरोबर आहे, ते नावापुरतंच. आठवड्यातून एकदा एक किडा, त्याच्या पोटापेक्षा लहान. पाळून वाढवलेले रातकिडे, मीलवर्म किंवा छोटी झुरळं. बागेतला, स्वयंपाकघरातला किडा पकडून घालायचा नाही. त्यानं कुठलं औषध खाल्लंय ते कोण सांगणार? चोवीस तासांत खाल्ला नाही तर काढून टाकायचा. पोट छातीच्या दीडपट झालं की खाणं लांबवा. गुबगुबीत कोळी छान दिसतो, पण ते ताणलेलं पोट जरा घासलं तरी इजा होते.

मग एक दिवस येईल की तो खाणंच सोडेल. बिळाच्या तोंडावर पांढरं, कापसासारखं जाळं ओढून दार बंद करेल आणि दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, दर्शन देणार नाही. लेक रडकुंडीला येईल, तुम्ही इंटरनेटवर शोधाल, आणि कुणीतरी सांगेल की उकरून बघा जिवंत आहे का. उकरायचं नाही. तो कात टाकायच्या तयारीत आहे. आधी पोट काळपट, चकचकीत दिसायला लागतं, कारण खाली नवी कातडी आणि नवे केस तयार झालेले असतात. बीळ काचेला लागून असेल तर तुम्हाला पुढचं दिसेलही: जाळ्याची चटई अंथरून तो उताणा पडतो, आठही पाय वर. नव्या पाळणाऱ्यांपैकी कित्येक जण इथे घाबरून त्याला उलटा करायला जातात आणि मारतात. मेलेला कोळी असा पडत नाही. कोळ्याच्या पायात बाहेर ताणणारे स्नायू मुख्य सांध्यांत नसतातच, तो शरीरातला द्रव दाबून पाय सरळ करतो. जीव गेला की दाब जातो आणि पाय अंगाखाली आखडतात. तेव्हा उताणा आणि पाय पसरलेला म्हणजे कामात आहे; सुलट, पण पाय अंगाखाली मुठीसारखे वळलेले म्हणजे काळजी.

कात टाकताना आत एकही जिवंत किडा नको. त्या वेळी कोळ्याचं अंग आणि दाढा मऊ असतात, रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. नंतर दाढांची टोकं पांढरी असतात, मग लालसर होतात, मग काळी. काळी झाल्यावर खाणं. पाणी मात्र कायम.

टाकलेली कात फेकू नका, लेकीला ती सर्वात मोठी भेट आहे. पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण घालून ती भिजवली की मऊ पडते, मग ब्रशनं पोटाची बाजू हळूच उलगडायची आणि भिंगाखाली धरायची. पांढरट चार चकत्या दिसतात, ती फुप्फुसं. पानं रचल्यासारखी असतात. पुढच्या दोन चकत्यांच्या मधल्या पट्ट्यावर मादीला शुक्राणू साठवायच्या दोन पिशव्या असतात. सायरिओकॉस्मसमध्ये त्या स्क्रूसारख्या पीळ घातलेल्या दिसतात, एकदा पाहिल्या की विसरत नाही. नराच्या कातीत तिथे काही नसतं. इतक्या लहान कोळ्यात हे बघायला चांगलं भिंग आणि चिकाटी दोन्ही लागतात, पण चौदा वर्षांच्या मुलीकडे चिकाटी असते.

नर की मादी हा प्रश्न मी मुद्दाम इथवर आणला. बुटक्या जाती लवकर वयात येतात. नर दीड-दोन वर्षांच्या आत मोठा होतो. शेवटची कात टाकल्यावर तोंडाजवळच्या पायांची टोकं बोंडासारखी फुगतात, तो बीळ सोडून रात्रभर मादी शोधत फिरतो, खाणं कमी करतो आणि काही महिन्यांत संपतो. आजार नसतो, काही चुकलेलंही नसतं. मादी मात्र पुढे कित्येक वर्षं जगते. म्हणजे नर निघाला तर लेकीला लवकरच निरोप द्यावा लागेल, आणि मादी निघाली तर लेक शिकायला घराबाहेर पडेल तेव्हा डबा तुमच्या कपाटावर असेल. वहिनींना विचारायचा प्रश्न हा आहे. विषाचा नंतर.

तरी विषाचंही सांगते. टॅरंटुलाच्या दंशानं माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. आशिया-आफ्रिकेकडच्या काही मोठ्या जाती, विशेषतः भारत-श्रीलंकेतल्या पोएसिलोथेरिया, चावल्या तर स्नायूंत दिवसेंदिवस पेटके येतात, तशा जाती तुमच्या घरात नकोतच. सायरिओकॉस्मसच्या दाढाच इवल्या, आणि तो चावण्याआधी पळतो. चुकून चावलाच तर जागा साबणानं धुवायची. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर लगेच डॉक्टर. अ‍ॅलर्जी कशाचीही असू शकते.

खरी काळजी केसांची. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांच्या पोटावर खाज आणणारे, काटेरी सूक्ष्म केस असतात. धोका वाटला की ते मागच्या पायांनी झाडतात. सायरिओकॉस्मसलाही ते आहेत. त्वचेवर खाज सुटून जाते, डोळ्यात गेले तर प्रकरण वाढतं. लीड्समधल्या एका माणसाची हकिगत २०१० च्या सुमारास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तो पेटीची काच घासत होता, मागे हालचाल जाणवली म्हणून वळला आणि केसांचा झोत तोंडावर आला. पुढे डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. डॉक्टरांना वाटलं डोळे आलेत. औषधानं उतरेना, तेव्हा मोठं करून बघितल्यावर बुबुळावरच्या पडद्यात रुतलेले केस दिसले. चिमट्यानं काढता येणार नाहीत इतके बारीक. तो कोळी चिलीचा, आकारानं बराच मोठा. तुमच्याकडे केस कमी असतील, पण डोळा तेवढाच नाजूक. म्हणून डबा साफ करताना चष्मा, चेहरा डब्यावर झुकवायचा नाही, कात हाताळल्यावर हात धुवायचे आणि धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत. धाकट्याला हा एक नियम शिकवा, तो पाळेल. "हात लावू नको" मात्र पाळणार नाही, म्हणून कडी.

हातावर घ्यायचा नाही, हे लेकीला लेखी द्यायला लावा हवं तर. कोळ्याला माया लागत नाही, हात म्हणजे त्याला फक्त हलणारी गरम जमीन. हा कोळी दचकला की उसळून पळतो, आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडणं त्याला पुरेसं आहे.

घ्यायचा कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वहिनींच्या परवानगीच्या आधी कायद्याची बघा. परदेशी प्राणी बाळगायला तुमच्या इथे नोंदणी किंवा परवाना लागतो का, ते वनखात्याला विचारून घ्या आणि उत्तर कागदावर ठेवा. कोळी बंदिस्त जागेत जन्मलेलाच हवा. जंगलातून उचललेले कोळी स्वस्त आणि मोठे असतात, आत कधी परजीवीही असतात, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या तरी बिळातून खणून काढलेले असतात. ब्राझीलनं १९६७ च्या कायद्यानंच वन्यप्राण्यांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी तिथल्या देखण्या बुटक्या जाती जगभर विकल्या जातात. त्या पहिल्यांदा बाहेर कशा आल्या असतील ते तुम्हीच ताडा. आणि पुढे कंटाळा आला म्हणून बागेत सोडायचा नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यायचा.

लेकीची परीक्षा घ्यायची असेल तर कोळ्याच्या आधी त्याचं अन्न आणा. मीलवर्मचा एक डबा तिच्या ताब्यात द्या. कोंडा बदलणं, गाजराचा तुकडा टाकणं, मेलेले वेचणं, महिना-दीड महिना. शेजारी कोळ्याचा रिकामा डबा मातीसकट तयार ठेवायला सांगा, ओल टिकते का, बुरशी येते का, हे कोळी नसतानाच कळू दे. वहिनींनाही तो रिकामा डबा रोज बघायची सवय होईल, कडी स्वतः उघडून बघू देत. त्यांना तेव्हाही नको वाटलं तर मात्र नको. घर त्यांचंही आहे, आणि वर्षानुवर्षं भीत राहायला लावणं बरं नव्हे.

सगळे हो म्हणाले तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: शेवटची कात कधी टाकली, शेवटचं कधी खाल्लं, आणि तुमच्याकडेच जन्मलाय का. पहिल्या दोन तारखा लेकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घ्या. त्या ज्याला सांगता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नका.